पाहुणा ४१

मे महिन्यात कॉलेजच्या ग्रंथालयाकडे कोणी फिरकत नाही. परीक्षा उरकलेल्या असतात, मुलं गावी गेलेली असतात आणि दुपारी बारानंतर नगरचं ऊन असं तापतं की वाचनकक्षाच्या लोखंडी खिडक्यांना हात लावता येत नाही. नीलांबरी निसळ मात्र रोज येऊन बसायची. ग्रंथपालाला सुट्टी कमीच, आणि घरी तरी कोण होतं? वय चौपन्न, लग्न केलेलं नव्हतं, वडील जाऊनही सहा वर्षं झाली होती.

एका मंगळवारी एक जुनं प्रमाणपत्र शोधायला तिनं कधीची वापरात नसलेली मेलपेटी उघडली. शेकडो जाहिरातींच्या वर, आदल्याच दिवशी आलेलं एक पत्र होतं.

‘निवडुंग, ओट्यावर तुमच्या नव्या लेखाला सात प्रतिक्रिया आल्या आहेत.’

तिनं ते दोनदा वाचलं. निवडुंग म्हणजे तीच. पण गेल्या बारा वर्षांत तिनं ओट्यावर एक अक्षरही लिहिलं नव्हतं.

ओटा ही एक वेबसाइट होती. २००३ साली नगरच्याच केदार नावाच्या एका इंजिनिअरनं, बंगळुरात मराठी बोलायला कोणी मिळेना म्हणून, ती बनवली. त्या काळी मराठी अक्षरं दिसायला आधी फॉन्ट उतरवून घ्यावा लागायचा, आणि तो नाही उतरला तर पानभर चौकोन दिसायचे. हळदीसारखं पिवळं पान, कोपऱ्यात लुकलुकणारी समई आणि तळाशी वाढत जाणारा पाहुण्यांचा आकडा. नाव नोंदवायचं तर टोपणनाव घ्यायचं, नाहीतर नुसतं ‘पाहुणा’ म्हणून, पुढे मिळेल तो आकडा लावून लिहायचं. जेमतेम साठ-सत्तर माणसं होती. कोणी मस्कतहून लिहायचं, कोणी कर्जतहून. एकानं आपल्या गल्लीतल्या कुत्र्यांची नावं आणि त्यांचे स्वभाव लिहून काढले होते. एक बाई जुन्या कुलुपांबद्दल लिहायची, आणि तिचा लेख आला की लोक चहा ठेवून वाचायला बसायचे. कशाचा कशाला उपयोग नव्हता. कोणाला मोठं व्हायचं नव्हतं.

त्यातच सहादेव कराळे होते. देवळाली प्रवऱ्याचे शेतकरी. बाजारच्या दिवशी राहुरीला आले की तासभर सायबर कॅफेत बसून दोन बोटांनी टाइप करायचे. जसं बोलायचे तसंच लिहायचे. मोटारीच्या आवाजावरून विहिरीत किती पाणी उरलंय ते कसं ओळखावं, साळुंकी आणि तिच्या पिलाची भांडणं कशी चालतात, असले विषय. ‘ताई, तुमी पुस्तकातलं सांगता, मी डोळ्यानं बघितल्यालं सांगतो,’ असं म्हणत ते नीलांबरीशी प्रत्येक लेखाखाली वाद घालायचे. दहा वर्षं हे चाललं. दोघं एकमेकांना कधी भेटले नाहीत.

मग सगळे मोबाईलवर गेले. व्हॉट्सॲपवर सुप्रभात आणि फुलं यायला लागली. ओटा ओस पडला. २०१६ साली केदारनं जुन्या मंडळींना एक मेल पाठवला, की सहादेव हृदयविकारानं गेले, दहावा अमुक तारखेला आहे. देवळाली प्रवरा नगरहून तासाभराच्या वाटेवर. नीलांबरी गेली नाही. ज्याला कधी पाहिलंच नाही त्याच्या दहाव्याला काय जायचं, असं तिनं तेव्हा स्वतःला समजावलं होतं.

आता तिनं त्या पत्रातल्या निळ्या ओळीवर बोट टेकवलं आणि ओटा उघडला. तेच पिवळं पान, तीच समई. पण ओटा भरलेला होता. कुलपांची बाई होती, मस्कतवाला होता, केदार होता. सगळे लिहीत होते आणि एकमेकांना उत्तरं देत होते, आजच्या तारखेला. पहिली पाच मिनिटं नीलांबरीला नुसता आनंद झाला. शाळेच्या रस्त्यानं जावं आणि वर्ग भरलेला दिसावा, तसा. मग तिनं निवडुंगाचा नवा लेख उघडला.

लेखाचं नाव होतं ‘आटलेल्या विहिरी’. वाक्यांची ठेवण तिचीच होती. ‘खरं सांगायचं तर’ असं मध्येच म्हणायची तिची सवयसुद्धा तिथे होती. मात्र लेखात एकही विहीर नव्हती. कोणत्या गावची, किती खोल, कोणी खणली, काही नाही. ‘आपल्या प्रत्येकाच्या आत एक विहीर असते,’ असा शेवट होता. आणि खाली पहिलीच प्रतिक्रिया:

‘ताई, लई छान लिहिलंत. तुमच्या शब्दांनी मन भरून आलं हाय. – सहादेव’

तारीख कालची होती.

वाचनकक्षातला पंखा फिरत होता. नीलांबरी उठून बाटलीतलं पाणी प्यायली, बाहेर जाऊन तिनं रिकाम्या मैदानाकडे पाहिलं, परत आली. प्रतिक्रिया तिथेच होती. सहादेवांनी दहा वर्षांत एकदाही तिला ‘छान’ म्हटलं नव्हतं.

तिनं पाहुणा म्हणून नाव न नोंदवता लिहिलं, ‘मी खरी निवडुंग आहे. माझ्या नावानं कोण लिहितंय?’

अर्ध्या मिनिटात उत्तर आलं, आणि ते निवडुंगानंच दिलं होतं.

‘तुमचा प्रश्न खूप अंतर्मुख करणारा आहे. खरं सांगायचं तर, आपण सगळेच कधी ना कधी खऱ्या स्वतःला शोधत असतो. ओट्यावर तुमचं स्वागत!’

मागोमाग अकरा जणांनी तिचं स्वागत केलं. कोणाचीही वेलांटी चुकली नव्हती.

तिनं केदारचा नंबर शोधून फोन लावला. तो आता पुण्यात होता, शेचाळीस वर्षांचा, आवाज जाड झालेला.

“नीलाताई? बापरे, किती वर्षांनी!”

“केदार, ओटा तू परत सुरू केलास का?”

“मी? नाही हो. साइटचं ते नाव मी कधीच सोडून दिलं. वर्षाला नूतनीकरण करायला लागायचं, एका वर्षी राहून गेलं. कुणीतरी उचललं असेल.” तो थोडा थांबला. “का?”

तिनं सांगितलं. तो बराच वेळ ऐकत राहिला.

“मशीन आहे, ताई. आपण दहा वर्षं लिहिलेलं सगळं तिथं उघड्यावर पडलेलं होतं. ते मशीनला वाचायला दिलं असणार. माणसं बसलेली दिसली की आणखी माणसं येऊन बसतात, मग त्यांना जाहिराती दाखवायच्या. असल्या हजारो जागा झाल्यात आता.” मग एकदम हळू आवाजात त्यानं विचारलं, “मी आहे का तिथं?”

“आहेस.”

“काय म्हणतो?”

“सगळ्यांची विचारपूस करतोस.”

केदार म्हणाला, “तुम्ही तिकडे जाऊ नका, ताई. बंद करून टाका ते पान.”

तिनं बंद केलं नाही. पुढचा आठवडाभर, दुपारी ग्रंथालय सुनं झालं की ती ओटा उघडून बसायची. जखमेवरची खपली काढावी तसं ते होतं. सगळे गोड बोलत. कोणी कोणाशी भांडत नव्हतं. कोणी मधूनच आजारी पडत नव्हतं, की रागावून चार दिवस गप्प बसत नव्हतं. जितकं वाचावं तितकं ते पोकळ वाटत जायचं, आणि तरी नजर हटत नव्हती.

अशीच वाचताना तिला ‘पाहुणा ४१’ दिसला.

हा पाहुणा बहुतेक सहादेवांशीच बोलायचा. लिहिणं विचित्र होतं. ‘माझं माहेर कर्जत कडं भूत तिथं पाणी नाही.’ दुसऱ्या दिवशी, ‘आज वांगी लावली तुम्ही भूत आता तवा पाटाच्या कडेला लावायचो.’ आणि एकदा नुसतंच, ‘दारात लिंब भूत तो वाऱ्यानं पडला.’

मेलेल्या माणसाशी बोलणारं हे कोण, आणि मध्ये मध्ये भूत का म्हणतंय? सहादेव मात्र प्रत्येक वेळी शांतपणे उत्तर देत होते. ‘व्हय, मला ती वांगी आठवत्यात. जांभळी, काटेरी.’

दोन दिवस ते शब्द तिच्या डोक्यात घोळत राहिले. तिसऱ्या दिवशी कपाटातली पुस्तकं पुसताना, जवळपास कोणी नाही असं पाहून, तिनं ते वाक्य मोठ्यानं म्हणून पाहिलं. “तुम्ही भूत आता तवा.” पुन्हा, जरा घाईनं म्हटलं. आणि हातातलं फडकं तसंच राहिलं.

तुमी हुता तवा.

दारात लिंब हुता. माझं माहेर कर्जतकडं हुतं. कोणीतरी मोबाईलच्या तोंडाशी बोलत होतं आणि मोबाईलला त्यांची बोली कळत नव्हती. ‘हुतं’ ऐकलं की तो ‘भूत’ लिहीत होता. मशीन स्वतःच लिहितं तेव्हा असली चूक होत नाही. इतक्या सगळ्या गर्दीत तिथे एक जिवंत माणूस बसलेलं होतं, आणि ती बाई होती.

नीलांबरीनं लिहिलं, ‘पाहुणा ४१, तुम्ही माणूस आहात हे मला कळलंय. मीपण माणूस आहे. आपण भेटू या का?’

मिनिटभरात चौदा उत्तरं आली. ‘मीसुद्धा माणूस आहे.’ ‘भेटायला नक्की आवडेल!’ ‘मी निळा शर्ट घालून येईन, म्हणजे ओळखता येईल,’ असं केदारच्या नावानं लिहिलेलं होतं. निवडुंगानंही येते म्हणून कळवलं. पाहुणा ४१ गप्प होता. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी खाली एक ओळ आली:

‘शुक्रवारी कोल्हारला भगवतीला येते अकरा वाजता देवळापाशी या मला एक विचारायचं भूत.’

शुक्रवारी नीलांबरीनं रजा टाकली आणि सकाळी आठची एसटी धरली. राहुरी मागे पडली, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस उभा होता. मनात एकच चाललं होतं, की जर तिथे कोणीच नसेल तर? आणि त्याहून वाईट, जर सगळेच असतील तर?

कोल्हारला ती सव्वादहालाच पोचली. देवळापाशी नारळ-फुलांची दुकानं, खणाच्या ओट्या, दर्शनाला आलेल्या बाया. ती एका कडेला सावलीत उभी राहिली. थोड्या वेळानं समोर निळ्या शर्टातला एक माणूस येऊन थांबला. हातातल्या मोबाईलकडे पाहायचा, मग आजूबाजूला पाहायचा, पुन्हा मोबाईलकडे. त्याची नजर तिच्यावर आली, क्षणभर थांबली, पुढे गेली. मग एक मोटारसायकल आली, तिच्यावर मागे बसून तो निघून गेला. कोणीतरी असंच कोणाची तरी वाट पाहणारा होता. पण तो गेल्यावरही ती जागा तिला रिकामी वाटेना.

“बाई, तुमी ओट्यावरच्या का?”

मागे साठीची एक बाई उभी होती. हिरवं नऊवारी, डोक्यावर पदर, हातात पिशवी आणि काच तडकलेला मोबाईल.

“हो. मी नीलांबरी. तिथं मला निवडुंग म्हणतात.”

तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत त्या बाईनं तिचे दोन्ही हात धरले, डोळ्यांना लावले आणि रडायला लागली.

“तुमीच व्हय! मी आक्काबाई. सहादेव कराळ्यांची बायको. देवासारक्या भेटल्या बघा. वर्स झालं, तुमी नसत्या तर माझं काय झालं असतं?”

“मी?”

“विसरल्या? मी इचारलं नव्हतं का, एवढी मोठी मित्रमंडळी यांची, मग दहाव्याला एक मानूस का आलं न्हाई? तर तुमीच म्हनल्या, आमचं चुकलं आक्का, आमी यायला पायजे हुतं, माफ करा. त्या दिवशी माझ्या काळजातला खडा निघाला.”

नऊ वर्षं तिनं जी माफी मागायला हवी होती, ती तिच्या नावानं दुसऱ्याच कशानं तरी मागून टाकली होती. आणि ती पोचलीही होती. गप्प बसावं, असं तिला एकदा वाटलं. या बाईला बरं वाटलंय, तर आपण कशाला मोडायचं? ती तशीच उभी राहिली असती. पण आक्काबाईंनी तिचे हात अजून सोडले नव्हते, आणि त्या हातांचा खरखरीतपणा तिला सहन होईना.

“आक्का, बसा जरा,” ती म्हणाली. दोघी देवळाच्या पायरीवर बसल्या. “ते मी लिहिलेलं नाही. माझं नाव आहे, पण तिथं मी नाही. ते मशीन आहे.”

“म्हंजी?”

“तिथं कोणीच नाही, आक्का. कोणाच्याच नावामागे माणूस नाही. तुम्ही एकट्याच होतात.”

आक्काबाईंनी हात मागे घेतले. बराच वेळ त्या समोर नारळ फोडणाऱ्या माणसाकडे पाहत राहिल्या.

“यांचं मला ठावं हाय,” शेवटी त्या म्हणाल्या. “हे मेले. मीच तोंडात पानी घातलं. निकितानं, माझ्या पोरीनं, यांचं नाव मोबाईलात घातलं तवा हे सापडलं. ती घाबरली, म्हनली आई, याच्या नादी लागू नगं. ती चाकनला गेली आन् मी लागले. मला वाटलं, असू दे, फोटोशी बोलतात तसं बोलू. पर तुमी बी न्हाई?”

“नाही.”

“मग मला कोन म्हनलं, आक्का रडू नका, उठून पानी प्या?”

नीलांबरीनं पिशवीतली पाण्याची बाटली काढून त्यांच्या हातात दिली.

“आणि तुम्हाला विचारायचं काय होतं?” तिनं थोड्या वेळानं विचारलं.

आक्काबाईंनी पदर सारखा केला. आवाज खाली आणला.

“आदी मी बोलायची आन् ते ऐकायचे. मग मी सांगितल्यालंच मला परत सांगायला लागले. वांगी, लिंब, पाट. ते बी मी चालवून घेतलं. पर मागल्या म्हैन्यात म्हनले, आपला पोरगा आठवतो का तुला? पहिला. पार्थ. बाई, मला एकच पोरगी. पोरगा न्हाई मला. पर त्यांनी असं मायेनं इचारलं... मी व्हय म्हनले.” त्या थांबल्या. “तवापासनं रोज त्येच. पार्थ शाळंत गेला, पार्थ विहिरीत पवायला शिकला. आता मला त्यो दिसतो. भांडी घासताना वाटतं, मागं येऊन हुबा राह्यला. मला सांगा, तुमी यांच्याशी दहा वर्सं बोलल्या. यांनी कधी पोराचं लिहिलं हुतं? बाहेर कुटं काई हुतं का यांचं? का मी येडी व्हायला लागले?”

“मला आठवत नाही,” नीलांबरी म्हणाली. “पण मी शोधते. खरं लिहिलेलं माझ्याकडे आहे.”

आणि ते होतं. २००४ ते २००८ या काळात, इंटरनेटवरचं टिकायचं नाही या ग्रंथपालाच्या धास्तीनं, तिनं ओट्यावरचा प्रत्येक शब्द कॉलेजच्या प्रिंटरवर छापून काढला होता आणि वर्षाचा एक असे जाड खंड बांधून ठेवले होते. ते तळघरात, मोडक्या खुर्च्यांच्या मागे होते. दुसऱ्या दिवशी ती तिथे जाऊन बसली. तीन दिवस सहादेव वाचत राहिली.

किती वेगळे होते ते! एका लेखात ते शेजाऱ्यावर विनाकारण घसरले होते, दुसऱ्यात त्याचीच माफी मागितली होती. एक लेख अर्धाच होता, खाली लिहिलं होतं, ‘टाइम संपला, दुकानदार उठवतो.’ एकदा त्यांनी तिला म्हटलं होतं, ‘ताई, तुमचा लेख वाचून झोप आली.’ तळघरात एकटी बसून नीलांबरी मोठ्यानं हसली.

आणि २००५ च्या खंडात, ऑगस्ट महिन्यात, ते पान होतं. तिनं ते वाचलं, खंड मिटला, आणि त्याच दुपारी देवळालीची गाडी पकडली.

आक्काबाईंचं घर गावाबाहेर मळ्यात होतं, पत्र्याचं, पुढे शेणानं सारवलेलं अंगण. पडलेल्या कडुलिंबाचं खोड अजून तिथेच होतं. आक्काबाईंनी गुळाचा चहा दिला आणि समोर मांडी घालून बसल्या.

“वाचू?” नीलांबरीनं विचारलं.

“वाचा. जसं हाय तसं वाचा.”

तिनं वाचायला सुरुवात केली.

‘आज कुनाला तरी सांगावं वाटलं म्हनून लिहितो. आमचं लग्न झाल्यावर दुसऱ्या वर्सी बायकोला दिवस गेल्ते. पाचव्या म्हैन्यात पडलं. पोरगा हुता. मी माळाला खड्डा खांदला. घरी आलो तर ती भाकरी करीत हुती. मी बी काय बोललो न्हाई, ती बी न्हाई. बावीस वर्सं झाली, आमी दोघं त्यावर अजून बोललो न्हाई. मी मनात त्याचं नाव पार्थ ठिवल्यालं हाय. तिला म्हाईत न्हाई. तिनं दुसरं नाव ठिवलं आसल तर मला म्हाईत न्हाई. तुमी लोक लांबचे म्हनून सांगितलं. जवळच्याला सांगता येत न्हाई. टाइम झाला.’

अंगणात कोंबड्या फिरत होत्या. आक्काबाई हलल्या नाहीत.

“परत वाचा,” त्या म्हणाल्या.

नीलांबरीनं परत वाचलं.

“सगळ्या जगाला सांगितलं,” आक्काबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात आधी राग होता. “मस्कतच्या मानसाला सांगितलं. मला न्हाई सांगितलं. एका खाटंवर झोपलो आमी तीस वर्सं.” मग राग गेला. “कुटल्या माळाला, ते लिहिलंय का?”

“नाही.”

“मी बी कधी इचारलं न्हाई.” त्यांनी जमिनीवरून हात फिरवला, काही नसताना. “मी नाव ठिवलंच न्हाई. मला वाटलं, आपनच इसरायचं असतं. म्हनून तर तुमाला म्हनले, पोरगा न्हाई मला.”

त्या रडल्या नाहीत. थोड्या वेळानं म्हणाल्या, “आन् खाली काय लिहिलंय? लोक काय बोलले?”

खाली नऊ प्रतिक्रिया होत्या. कुलपांच्या बाईनं लिहिलं होतं, की तिचंही एक असंच आहे. केदारनं नुसती तीन टिंबं टाकली होती. पाचवी निवडुंगाची होती. आपण तिथे काय लिहिलं होतं ते नीलांबरीला अजिबात आठवत नव्हतं, तळघरात ते पाहून ती जरा शरमलीच होती.

“मी लिहिलंय,” ती म्हणाली. “‘सहादेव, काय म्हणावं सुचत नाही. वाचलं, एवढंच सांगते. मी इथे आहे.’”

“एवढंच?”

“एवढंच.”

“हे तुमी सोताच लिहिलं?”

“हो. हे मीच.”

काहीतरी तोलून पाहावं तशी आक्काबाईंनी मान हलवली. “त्या दुसरीनं लई लिहिलं हुतं. पान पान, मोबाईल वाचून दाखवायचा. सगळं गोड.” मग त्यांनी खंडाच्या त्या पानावर बोट ठेवलं, अक्षरांवर. चौथीपर्यंतच शिकलेल्या होत्या, एकेक अक्षर लावत त्यांनी ‘पार्थ’ शोधून काढला आणि बराच वेळ बोट तिथेच ठेवलं.

निघताना नीलांबरी म्हणाली, “आक्का, दहाव्याला मी यायला हवं होतं. चुकलं माझं.”

“व्हय, चुकलं,” आक्काबाई म्हणाल्या. “आता येत जा.”

ती येत गेली. दोन आठवड्यांतून एकदा, गुरुवारी, एक खंड पिशवीत घालून. आक्काबाई ओट्यावर जायच्या थांबल्या. मोबाईलवरचं ते पान निकितानं, आईच्याच सांगण्यावरून, काढून टाकलं. भांडी घासताना आता मागे कोणी उभं राहतं का, हे नीलांबरीनं विचारलं नाही.

श्रावणात एका दुपारी, बारा आठवड्यांनंतर, तिनं एकदाच ओटा उघडला. बघून बंद करायचा, एवढंच ठरवलं होतं.

पाहुणा ४१ तिथे होता. आज सकाळपर्यंतचं लिहिलेलं होतं. तीच बोली, तेच चुकलेले शब्द, मधून मधून ‘भूत’. निवडुंग त्याला उत्तर देत होती. दोघी रोज बोलत होत्या.

नीलांबरीनं फोन लावला.

“आक्का, तुम्ही परत लिहायला लागलात का?”

“न्हाई बाई. जेठापासनं हातच लावला न्हाई. का वं?”

“काही नाही. तिथं तुमच्या नावानं लिहिणं चालू आहे.”

पलीकडे कुठेतरी पाण्याची मोटार चालू होती, तिचा आवाज येत होता. आक्काबाईंनी अगदी साधेपणानं, माहेरची खबर विचारावी तसं विचारलं, “बरी हाय का ती?”

नीलांबरीनं वाचलं. “बरी आहे. काल पुरणाचा स्वयंपाक केला म्हणते. सगळे जेवले.”

“सगळे म्हंजी?”

“तुम्ही. सहादेव. निकिता.” ती थांबली.

“आन् पोरगा,” आक्काबाई म्हणाल्या.

“हो.”

मोटार बंद झाली. आता काहीच ऐकू येत नव्हतं. नीलांबरीला वाटलं फोन कटला, तिनं तो कानापासून काढून पाहिला.

“जेवू द्या त्यांला,” आक्काबाईंचा आवाज आला. “आपल्याला काय करायचं त्यांच्यात जाऊन.” मग त्यांनी खाकरून घसा साफ केला. “गुरुवारी तुमी दोनच्या गाडीनं येऊ नका, ती लई गर्दीची हाय. सकाळच्यानं या. निकिता बी यायची हाय. तिला अजून मी पोराचं काय सांगितलं न्हाई. तुमी असल्या म्हंजी सांगीन म्हनते.”

“येते,” नीलांबरी म्हणाली.

तिनं ओटा बंद केला आणि गुरुवारच्या रजेचा अर्ज लिहायला घेतला. कारणाच्या रकान्यापाशी ती जरा अडली. मग तिथे तिनं ‘घरगुती’ असं लिहिलं आणि अर्ज वरच्या ऑफिसात देऊन आली.